ओव्हरक्लॉक केलेल्या घरगुती संगणकाची तापवाढ आणि अस्थिरता : मराठवाड्याच्या संदर्भात

प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड किंवा रॅम उत्पादकाने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. प्रोसेसरचा वेग हा साधारण १०० मेगाहर्ट्झचा मूळ क्लॉक आणि मल्टिप्लायर यांचा गुणाकार असतो. मल्टिप्लायर ४५ असेल तर वेग ४.५ गिगाहर्ट्झ. इंटेलच्या नावात ‘के’ अक्षर असलेल्या प्रोसेसरांत व एएमडीच्या बहुतेक रायझन प्रोसेसरांत तो वाढवता येतो, मात्र मदरबोर्डचा चिपसेटही (मदरबोर्डवरील नियंत्रक चिपही) तशी मुभा देणारा लागतो. असा संगणक हँग होऊ लागला, निळा स्क्रीन दाखवू लागला किंवा आपोआप रिस्टार्ट होऊ लागला, की सगळा दोष उष्णतेच्या माथी मारला जातो. प्रत्यक्षात तापवाढ आणि अस्थिरता ही दोन वेगळी दुखणी आहेत. एकातून दुसरे उद्भवू शकते, पण उपचार निरनिराळे असल्याने आधी निदान करावे लागते.

वेग वाढवला की तो टिकवण्यासाठी व्होल्टेजही वाढवावे लागते आणि खरी उष्णता तिथून येते. चिपमध्ये खर्च होणारी वीज वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग ४.५ वरून ४.८ गिगाहर्ट्झ केला आणि त्यासाठी व्होल्टेज १.२० वरून १.३२ केले, तर वेगात जेमतेम ७ टक्के भर पडते, उष्णता मात्र सुमारे २९ टक्क्यांनी वाढते. शेवटचे दोनशे-तीनशे मेगाहर्ट्झ सर्वांत महाग पडतात.

यात खोलीचे तापमान मिळवले की मराठवाड्यातील चित्र स्पष्ट होते. हीटसिंक (चिपवर बसवलेला, उष्णता हवेत सोडणारा धातूचा पात्यांचा भाग) चिपला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. खोलीच्या तापमानावर ठरावीक फरक चढतो, एवढेच. डिसेंबरात २६ अंशांच्या खोलीत पूर्ण भारावर ७२ अंश दाखवणारा प्रोसेसर मे महिन्यात ४० अंशांच्या खोलीत साधारण ८६ वर जातो. वर सांगितलेला ओव्हरक्लॉक केला, तर ४६ अंशांचा फरक ५९ होतो आणि आकडा ९९ वर पोहोचतो. परभणी, नांदेड, बीडकडे एप्रिल-मेमध्ये पारा अनेकदा ४२ च्या पुढे जातो आणि पत्र्याच्या छताची खोली सूर्य मावळल्यावरही लवकर निवत नाही. माळवदाच्या जुन्या घरातली खोली त्या मानाने बरीच सुसह्य. त्यात लग्नसराईही याच महिन्यांत येते. लग्नाचे चित्रीकरण घरी एडिट करणाऱ्यांचा संगणक तासन्‌तास रेंडरिंग (एडिट केलेल्या चित्रीकरणाची अंतिम फाइल तयार करणे) करतो, तोच काळ सर्वांत उष्ण असतो. म्हणून इथे ओव्हरक्लॉकची परीक्षा उन्हाळ्यातच घ्यावी. थंडीत उत्तीर्ण झालेल्या सेटिंगवर विसंबू नये.

आधुनिक प्रोसेसर उष्णतेने सहसा बंद पडत नाही. इंटेलच्या अनेक प्रोसेसरांत १०० अंश, रायझन ७००० मालिकेतील बहुतेकांत ९५ आणि ५००० मालिकेतील बहुतेकांत ९० अंश ही मर्यादा आली, की तो स्वतःच वेग उतरवतो. याला थ्रॉटलिंग म्हणतात. त्यामुळे तापवाढीची पहिली खूण म्हणजे मंदावलेले काम. अचानक रिस्टार्ट होत असेल तर आधी व्होल्टेज, रॅम आणि वीजपुरवठा यांच्याकडे संशयाने पाहावे.

निदानाची पहिली पायरी मोहाविरुद्ध जाणारी आहे, पण ती टाळू नये : बायोसमधली (मदरबोर्डवरील मूळ सॉफ्टवेअरमधली) सर्व सेटिंग मूळ स्थितीत आणावीत. तरीही बिघाड होत असेल तर तो ओव्हरक्लॉकचा नव्हे. संगणक चालूच होत नसेल तर वीज तोडून मदरबोर्डवरील क्लिअर सीमॉस जम्पर (बायोसची सेटिंग पुसणारी पिनांची जोडणी) वापरावा किंवा सीआर २०३२ सेल थोडा वेळ काढून ठेवावा. मूळ स्थितीत सर्व ठीक चालले, तर एका वेळी एकच बदल करत पुढे जावे आणि एचडब्ल्यूइन्फोसारख्या प्रोग्रॅमने तापमानाची नोंद ठेवावी. ओसीसीटी किंवा प्राइम९५ हे पूर्ण भार टाकून चाचणी घेणारे प्रोग्रॅम लावताच, तापमान ६०-७० असतानाच चूक आली, तर व्होल्टेज अपुरे आहे. दहा-पंधरा मिनिटांनी, आकडा वर चढल्यावर चूक आली तर उष्णतेचा हात आहे, कारण तापलेल्या चिपला तोच वेग राखायला किंचित जास्त व्होल्टेज लागते. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमधील डब्ल्यूएचईए-लॉगरच्या नोंदी हार्डवेअरची चूक दाखवतात. ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद मात्र संगणक नीट बंद झाला नाही एवढेच सांगते, कारण सांगत नाही.

रॅमचा दोष सर्वांत घातक. बायोसमधील एक्सएमपी किंवा एक्स्पो प्रोफाइल (रॅमच्या वाढीव वेगाची तयार सेटिंग) चालू करणे हेही ओव्हरक्लॉकिंगच आहे, हे अनेकांच्या गावी नसते. झिप फाइल उघडताना चूक येणे, कधी हा तर कधी तो प्रोग्रॅम बंद पडणे ही लक्षणे आहेत. संगणक चालू राहतो आणि फाइली गुपचूप खराब होतात. एखाद्या कुटुंबाच्या लग्नाचे फुटेज असे गेले तर ते पुन्हा चित्रित करता येत नाही. मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम रात्रभर चालवावा आणि एकही चूक सहन करू नये.

ग्राफिक्स कार्डाचा ताण पडद्यावर रंगीत ठिपके उमटून दिसतो. त्याचा क्लॉक उतरवून पाहावे.

भार वाढताच संगणक खटकन बंद होऊन सुरू होत असेल तर एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा) अपुरा असू शकतो. लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर जाण्याच्या क्षणी तो रिस्टार्ट होत असेल, तर दोष त्या क्षणी वीज खंडित होण्याचा आहे; संगणकासाठी यूपीएस हवा. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर आधी घराचे अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे.

तापवाढीवर पहिला उपाय स्वच्छता. काळ्या रानातली बारीक माती आणि वेचणीच्या दिवसांत कापसाचे तंतू हीटसिंकच्या पात्यांत अडकून हवेची वाट बुजवतात. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवावा. कॅबिनेटची बाजू उघडताच तापमान पाच-सात अंशांनी उतरले, तर हवा खेळत नाही असे समजावे. प्रोसेसर आणि हीटसिंक यांमधली जुनी थर्मल पेस्ट पुसून वाटाण्याएवढी नवी लावावी, स्क्रू समोरासमोरचे थोडे-थोडे आवळावेत. कोरड्या उन्हाळ्यात वाळ्याच्या किंवा गवताच्या ताट्यांचा कूलर खोली चांगली थंड करतो, पण त्याचा झोत थेट कॅबिनेटवर नको : बोअरच्या जड पाण्याच्या तुषारांतले क्षार आत बसतात.

एवढ्याने भागले नाही तर व्होल्टेज पायरीपायरीने कमी करावे आणि वेगही उतरवावा. बहुतेक मदरबोर्डांवर एकाहून जास्त प्रोफाइल साठवता येतात. उन्हाळ्याचे आणि हिवाळ्याचे वेगळे ठेवणे इथे अगदी योग्य.

इंटेलच्या १३व्या व १४व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांबाबत मात्र आधी बायोस अद्ययावत करावा. त्यांतील काही प्रोसेसर ओव्हरक्लॉक न करताही अस्थिर होत होते. जास्त व्होल्टेज मागितले जाणे हे कारण इंटेलने २०२४ मध्ये मान्य केले आणि ऑगस्टपासून मायक्रोकोडच्या (प्रोसेसरच्या अंतर्गत सूचनांच्या) दुरुस्त्या दिल्या. आधीच झालेली झीज त्याने भरून येत नाही. असा प्रोसेसर वॉरंटीत बदलून घ्यावा लागतो, आणि ती मुदत इंटेलने दोन वर्षांनी वाढवली आहे.