घडीचा मोठा चाकू : स्वसंरक्षण आणि मुठीचे साहित्य

ज्याचे पाते एका खिळीभोवती फिरून मुठीच्या खाचेत मिटते, तो घडीचा चाकू. पाते साधारण ९-१० सें.मी. किंवा त्याहून लांब असले की त्याला मोठा म्हणतात. दोरी, पुठ्ठा, फांदी कापायला असा चाकू जवळ ठेवणारे पुष्कळ आहेत. कोणी अंगावर धावून आले तर हाताशी काही असावे म्हणून तो घेणारेही कमी नाहीत. घेताना बहुतेकांचे लक्ष पात्यावर खिळते : पोलाद कोणते, टोक कसे, धार किती दिवस टिकते. मुठीकडे रंगापुरते पाहिले जाते. झटापटीत मात्र घाम, पाऊस किंवा रक्ताने ओल्या झालेल्या हातातून मूठ निसटली की बोटे आपल्याच पात्यावर जातात. न्यायवैद्यकात हे नेहमी दिसते. भोसकताना टोक हाडावर अडते, हात पुढे घसरतो आणि चाकू चालवणाऱ्याच्याच तळहाताला व बोटांच्या आतल्या बाजूला चिरा पडतात. स्वसंरक्षणाच्या दृष्टीने चाकू पारखायचा तर सुरुवात मुठीपासून करावी लागते.

पूर्वपीठिका : ऑस्ट्रियातील हालस्टाट येथे सापडलेला, इ. स. पू. सहाव्या शतकाच्या सुमाराचा घडीचा चाकू सर्वांत जुन्या नमुन्यांत गणला जातो. त्याची मूठ हाडाची आहे. पुढे शतकानुशतके हाड, शिंग आणि लाकूड हीच मुठीची सामग्री राहिली. स्पेनमधील आल्बासेते हे ‘नाव्हाखा’ या लांब घडीच्या चाकूसाठी प्रसिद्ध असलेले शहर. पाते उघडताना दाते एकेक करून अडकत कर्रकर्र आवाज होतो, अशी त्याची जुनी रचना होती. आपल्याकडे रामपुरी याच कुळातला. १८९० मध्ये फ्रान्सच्या साव्हुआ भागात जोसेफ ओपिनेल यांनी लाकडी मुठीचा साधा चाकू घडवला. पाते जागच्या जागी रोखणारे फिरते कडे त्याला १९५५ मध्ये मिळाले. अमेरिकेत १९६४ साली आलेल्या बक ११० या चाकूने पाठीकडून लॉक होणारा मोठा घडीचा चाकू घरोघरी नेला. त्याची मूठ आबनुसाची, दोन्ही टोकांना पितळ, आणि वजन सुमारे २०० ग्रॅम. तो कमरेच्या चामडी म्यानातच शोभे. १९८१ मध्ये स्पायडर्को कंपनीने पात्याला गोल भोक आणि मुठीला खिशाची क्लिप दिली. चाकू एका हाताने उघडू लागला, खिशाच्या काठाशी टांगला जाऊ लागला. जड पितळ आणि लाकूड मागे पडून हलक्या कृत्रिम साहित्याची गरज निर्माण झाली ती इथून.

माप आणि आकार : पाते मुठीत मिटायचे असल्याने मूठ पात्यापेक्षा लांबच असते. बक ११० चे पाते साडेनऊ सें.मी., तर मिटलेला चाकू सव्वाबारा सें.मी.च्या थोडा वर. प्रौढ माणसाचा तळहात अंगठा सोडून साधारण ८-९ सें.मी. रुंद असतो. चारही बोटे मुठीवर बसून मागे-पुढे थोडी जागा उरावी, एवढी लांबी पुरते. त्यापुढची लांबी फक्त खिशात जागा अडवते. करंगळी मुठीबाहेर लटकत असेल तर चाकू हातात डुलतो, मग पाते कितीही मोठे असो.

लांबीइतकेच महत्त्व आडव्या छेदाला आहे. पूर्ण गोल मूठ अंधारात हातात फिरते आणि धार कुठल्या बाजूला आहे ते बोटांना कळत नाही. लंबगोल मूठ स्वतःच दिशा सांगते. खिशात सपाट बसावी म्हणून फार पातळ केलेली मूठ दिसायला देखणी असते, पण जोर लावला की तिच्या कडा तळहातात रुततात. मुठीच्या पुढच्या टोकाला पहिले बोट अडेल असा उंचवटा हवा. सगळ्या साहित्यांची घसरण रोखण्याची ताकद एकत्र केली तरी या एका उंचवट्याची सर येत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते तो नसलेला चाकू या कामासाठी विचारातच घेऊ नये. बोटांच्या मापाने पाडलेले खोलगे मात्र फसवे असतात : एकाच हाताला, एकाच पकडीत ते चपखल बसतात, आणि घाईत चाकू तसा हातात येईलच असे नाही.

मुठीचे साहित्य : लाकडाची ऊब आणि देखणेपण दुसऱ्या कशाला नाही. पण लाकूड पाणी पिते. बीच या झाडाच्या लाकडाची मूठ असलेला ओपिनेल पावसात भिजला की लाकूड फुगून खाच आवळते आणि नखाने ओढूनही पाते हलत नाही. मग मुठीचे मागचे टोक टेबलावर ठोकून पाते थोडे बाहेर काढावे लागते. भाजी-फळे कापणाऱ्याला हे चालून जाते. ज्याला चाकू एका क्षणात उघडायचा आहे, त्याच्यासाठी ही गोष्ट निवड तिथेच संपवणारी आहे. शिंग आणि हाड आदळले की तडकतात, उन्हाळ्या-पावसाळ्यात आकसतात-फुगतात. सांबरशिंगाच्या नैसर्गिक खाचांनी पकड चांगली मिळते, तरी वापराच्या चाकूपेक्षा ते संग्रहाच्या चाकूला अधिक शोभते.

जी-१० हे आज मोठ्या घडीच्या चाकूंचे सर्वांत विश्वासाचे साहित्य म्हणावे लागेल. काचतंतूंच्या कापडाचे थर इपॉक्सी या घट्ट होणाऱ्या कृत्रिम राळेत भिजवून, उष्णता आणि प्रचंड दाबाखाली त्यांची पाटी करतात. इलेक्ट्रॉनिक सर्किटची पाटी ज्या घराण्यातली, त्याच घराण्यातली ही. पाण्याने ती फुगत नाही, थंडीत ठिसूळ होत नाही, घनता पाण्याच्या सुमारे १.८ पट म्हणजे ॲल्युमिनियमपेक्षा बरीच कमी. पृष्ठभागावर चौकड्या किंवा लाटा कोरल्या की ओल्या हातातही ती धरून ठेवते. बारकाईने पाहिले तर कोरलेल्या उतारावर कापडाचे थर नकाशातल्या समोच्च रेषांसारखे एकाखाली एक दिसतात. जी-१० चा दोषही याच खरखरीतपणात आहे. फार खडबडीत पाटी महिनाभरात पँटच्या खिशाचा काठ झिजवते आणि तासभर कापाकापी केली तर तळहात सोलवटतो.

मायकार्टा वेस्टिंगहाऊस कंपनीने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात विजेच्या यंत्रांतील विद्युतरोधक म्हणून पुढे आणले. कॅनव्हास, तागी कापड किंवा कागद फिनॉलिक रेझिन या दुसऱ्या कृत्रिम राळेत भिजवून ते तयार होते. गुळगुळीत घासून चकचकीत केलेले मायकार्टा निसरडे असते, तर चकाकी न दिलेले कॅनव्हासचे मायकार्टा हाताला सुती कापडासारखे लागते आणि ओले झाले की त्याची पकड उलट वाढते. हाताचे तेल आणि मळ शोषून ते काळपट होत जाते. कोणाला हे आवडते, कोणाला नाही. घाम फार येणाऱ्याला जी-१० च्या आधी हे हातात घेऊन पाहण्याचा सल्ला द्यावासा वाटतो.

काचतंतू मिसळलेले नायलॉन साच्यात ओतून बनते, म्हणून ते स्वस्त आणि फार हलके. त्याच्याविषयी ‘प्लास्टिक’ म्हणून नाक मुरडले जाते, ते अन्यायाचे आहे. पोत साच्यातच पाडता येतो, दोन दिशांना तिरपे दाते देऊन पुढची आणि मागची दोन्ही घसरण रोखता येते. आत पोलादी पट्ट्या नसतील तर घट्ट आवळल्यावर मूठ किंचित दबते, एवढीच खरी तक्रार. रबरी मूठ पकडीत सर्वांत सरस, पण ती खिशाच्या कापडाला चिकटून बसते, बाहेर येताना अस्तर सोबत ओढते, आणि तेलाच्या संपर्कात बरीच रबरे फुगतात, चिकट होतात.

धातूंत ॲल्युमिनियम हलके आणि कडक, पण हातातली उष्णता झपाट्याने ओढून घेते. कडाक्याच्या थंडीत ते बोटांना चावते. टायटॅनियमच्या नेहमीच्या मिश्रधातूची उष्णतावहनक्षमता त्याच्या मानाने वीसेक पटींनी कमी असल्याने तेच हवामान त्यात सुसह्य वाटते. टायटॅनियम गंजत नाही आणि मुठीचाच एक भाग वाकवून लॉक करता येतो. गुळगुळीत धातू मात्र ओला झाला की निसरडा, मग तो कोणताही असो. कार्बन फायबरबद्दल थोडक्यात : जी-१० पेक्षा हलके, अधिक ताठ, बरेच महाग आणि बहुधा चकचकीत. त्याच्यासाठी जास्त पैसे मोजण्याचे कारण या कामात दिसत नाही.

दुकानात चाचणी करता येत नाही, घरी येते. चाकू मिटलेलाच ठेवून हाताला साबणाचे पाणी लावावे, मूठ आवळावी आणि दुसऱ्या हाताने ती पुढे ओढून, पिळून पाहावी. कोरड्या हाताला आवडलेली कितीतरी साहित्ये इथे नापास होतात.

मूठ आणि लॉक : हे दोन्ही वेगळे पाहता येत नाहीत, कारण आवळलेली मूठ लॉकवरही दाब देते. मुठीच्या आतली पट्टी सरकून पात्यामागे बसणाऱ्या रचनेत हात पिळला गेला तर बोटाचे मांस पट्टी बाजूला ढकलू शकते. मुठीचाच जाड भाग लॉक असेल तर आवळणारी बोटे त्याला उलट आतच दाबतात. पाठीवरच्या लॉकमध्ये दांडा तळहाताखाली येतो. घट्ट पकडीत तो दबून सुटू नये म्हणून त्यावर उथळ खळगा ठेवतात. लॉक उत्तम असले तरी सांधा तो सांधाच, एकसंध पात्याची मजबुती घडीच्या चाकूला येत नाही.

मर्यादा : १९८३ साली सॉल्ट लेक सिटीच्या पोलीस दलातील डेनिस ट्युलर यांनी दाखवले की धडधाकट माणूस २१ फूट, म्हणजे सुमारे ६.४ मीटर, अंतर दीड सेकंदात कापतो. तेवढ्यात खिसा चाचपणे, चाकू काढणे, पाते उघडून लॉक होऊ देणे आणि पकड बसवणे एवढे सगळे व्हायचे असते, तेही भीतीने बोटांची नाजूक हालचाल बोथट झालेली असताना. बिनधारेच्या सराव-चाकूने शेकडो वेळा केलेली उघडझाप नसेल तर मोठा चाकू खिशातच राहतो. शिवाय चाकू समोरच्याचा वार अडवत नाही आणि त्याने केलेली जखम हल्लेखोराला लगेच थांबवेलच असे नाही. पळायला वाट असेल तर पळणे, आरडाओरडा करणे यांना कोणतीही मूठ पर्याय नाही, आणि हे चाकूची आवड असलेल्यांनीच सर्वांत आधी सांगायला हवे.

कायद्याची बाजूही विचित्र अडचणीची आहे. लांब पाते, पक्के लॉक, एका हाताने उघडणे हे जे गुण स्वसंरक्षणासाठी शोधले जातात, नेमके तेच अनेक देशांत आक्षेपार्ह ठरतात. ब्रिटनमध्ये ३ इंचांपर्यंत (७.६२ सें.मी.) धारेचा, लॉक नसलेला घडीचा चाकू कारण न देता जवळ बाळगता येतो. लॉक असले की कायदा त्याला घडीचा मानत नाही आणि सबळ कारण मागतो. जर्मनीत २००८ पासून एका हाताने उघडून लॉक होणाऱ्या चाकूवर असेच बंधन आहे. ‘बचावासाठी ठेवला’ हे उत्तर अशा ठिकाणी सहसा चालत नाही, बऱ्याचदा ते खटल्यात उलटते. चाकू घेण्याआधी तो जिथे बाळगायचा तिथला नियम वाचलेला असावा.

निगा : खिशातला कापूस आणि धूळ खिळीशी व लॉकच्या खोबणीत साचते. लॉक अर्धवट बसण्याचे ते नेहमीचे कारण असते. कोमट पाणी, जुना दात घासायचा ब्रश आणि वाळल्यावर तेलाचा एक थेंब पुरतो. मुठीचे स्क्रू हादऱ्यांनी सैल होतात, ते महिन्यातून एकदा पाहावेत. जी-१० खिशाला फार खात असेल तर क्लिपखालचा तेवढाच पट्टा बारीक पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत करावा आणि बाकीची खरखर तशीच राहू द्यावी. घासताना पाटी ओली ठेवावी आणि तोंडावर मास्क बांधावा, कारण त्यातून उडणारी काचेची धूळ फुप्फुसांना घातक असते.