खोट्या संदेष्ट्यांचा इशारा नेमका आला कुठून?

शेवटचा काळ आलाय, खोट्या संदेष्ट्यांपासून, म्हणजे देवाचा निरोप आणलाय असं खोटं सांगणाऱ्यांपासून सावध राहा, असे फॉरवर्ड येतच असतात आणि खाली बहुतेक वेळा मत्तय २४ चा, म्हणजे बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या २४व्या अध्यायाचा रेफरन्स असतो. पण हा इशारा मत्तयाच्या कितीतरी आधीचा आहे, आणि मुळात तो जगाच्या शेवटाबद्दल कमी, समोर चाललेल्या राजकारणाबद्दल जास्त होता.

इ.स.पू. ५९७ ला बाबेलच्या (बॅबिलोनच्या) नबुखद्नेस्सर राजाने यरुशलेम (जेरुसलेम) घेतलं, राजाला, कारागिरांना, मंदिरातल्या भांड्यांना सगळं उचलून नेलं आणि आपल्या मर्जीतल्या सिद्कीयाला गादीवर बसवलं. मागे उरलेल्यांना एकच विचारायचं होतं, हे कधी संपणार? यिर्मया नावाचा संदेष्टा मानेवर जू घालून फिरत होता, सांगत होता की बाबेलपुढे वाकाल तर वाचाल. मग मंदिरात सगळ्यांदेखत गिबोनचा संदेष्टा हनन्या उठला, म्हणाला दोन वर्षांत भांडी परत, राजा परत, नेलेले सगळे लोक परत, आणि यिर्मयाच्या मानेवरचं जू ओढून मोडून टाकलं. यात हनन्या काही परक्या देवाचं नाव घेत नव्हता, दोघंही 'परमेश्वर असं म्हणतो' याच शब्दांनी बोलत होते, मग ऐकणाऱ्याने ओळखायचं कसं? यिर्मया आधी 'आमेन, तसंच होवो' म्हणाला, आणि पुढे एवढंच की शांतीचं भाकीत करणारा खरा की खोटा ते भाकीत खरं ठरल्यावरच कळतं. हनन्या त्याच वर्षी मेला. पुढे दहा वर्षं होतात न होतात तोच शहर जळालं, मंदिरासकट.

अनुवाद या बायबलच्या पुस्तकाच्या १८व्या अध्यायातही हीच कसोटी आहे, बोललेलं घडलं नाही तर तो देवाचा शब्द नव्हता. पण अनुवाद १३ त्याहून कडक, तिथे चमत्कार खरा झाला तरी माणूस दुसऱ्या देवांमागे नेत असेल तर ऐकायचं नाही. त्याआधीच्या काळात इस्राएलच्या अहाब राजाच्या दरबारातले ४०० संदेष्टे एकसुरात 'चढाई करा' म्हणाले आणि एकटा मीखाया नावाचा संदेष्टा उलट बोलला, त्याला तोंडात बसली आणि वर तुरुंग मिळाला, राजा मात्र लढाईतून जिवंत आला नाही. मीखा (हा वेगळा, नंतरचा संदेष्टा) तर थेट पोटावर येतो, खायला दिलं की हे शांती शांती करतात, नाही दिलं की युद्ध पुकारतात. माझ्या मते अख्ख्या विषयातलं सगळ्यात झोंबणारं वाक्य हेच!

येशूच्या काळानंतरच्या रोमी राजवटीत तर असे लोक खरंच उगवत होते. पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार योसेफसने थ्यूदास नावाच्या एकाबद्दल लिहिलंय, यार्देन (जॉर्डन) नदी दुभंगवतो म्हणून तो लोकांना घेऊन गेला आणि रोमनांनी त्याचं मुंडकं उडवलं. इ.स. ७० ला यरुशलेमचं पुन्हा बांधलेलं मंदिर पेटलं तेव्हा एका संदेष्ट्याच्या शब्दावर आत जमलेले सुमारे ६,००० लोक जळून मेले, हेही त्यानेच लिहिलंय.

आणि सुरुवातीच्या ख्रिस्ती मंडळ्यांना तर हा रोजचाच प्रश्न होता, कारण फिरते प्रचारक दारात यायचे, त्यांना खाऊ घालायचं की हाकलायचं? 'डिडाखे' नावाच्या जुन्या नियमपुस्तिकेत उत्तर एकदम व्यवहारी आहे: एक दिवस ठेवून घ्या, गरज असली तर दोन, तिसऱ्या दिवशीही राहिला तर तो खोटा, आणि निघताना पुढच्या मुक्कामापुरती भाकरी द्या, पैसे मागितले तर तोही खोटाच.