कात्रजची मगर आणि अमेरिकेतला अ‍ॅलिगेटर

कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात मगरीपाशी दहा मिनिटं थांबलं की कुणी ना कुणी पोराला सांगतंच, "तो बघ अ‍ॅलिगेटर!" गफलत होणं साहजिक आहे, कारण आपल्या गोड्या पाण्यातल्या मगरीचं तोंड इतर मगरींच्या मानाने चांगलंच रुंद असतं. पण अ‍ॅलिगेटरच्या जाती दोनच, एक अमेरिकेत, एक चीनमध्ये. दातांवरून ओळखा: तोंड मिटल्यावरही खालचा चौथा दात बाहेर दिसला, की ती मगर. अ‍ॅलिगेटरचा तो दात वरच्या जबड्याआड झाकला जातो.

श्वासाची यंत्रणा मात्र दोघांची एकच, आणि मला भुरळ पडते ती तिचीच. पाण्याकडे नीट बघा. नाकपुड्यांचा उंचवटा, मागे डोळे, बाकी सगळं अंग पाण्याखाली. बुडी मारताना नाकपुड्या घट्ट मिटतात. घशाशी एक पडदा असतो, म्हणून पाण्यात जबडा उघडून भक्ष्य धरलं तरी पाणी फुप्फुसात शिरत नाही. श्वास घेताना एक स्नायू यकृताला मागे ओढतो, पंपाच्या दट्ट्यासारखा, आणि फुप्फुसांना फुगायला जागा मिळते. अ‍ॅलिगेटर याच स्नायूंनी फुप्फुसं मागे सरकवून डोकं खाली झुकवतो आणि बुडी मारतो, हे २००८च्या प्रयोगांत दिसलं. त्याच्या फुप्फुसांत हवा पक्ष्यांसारखी एकाच दिशेने फिरते, हे २०१०मध्ये कळलं; पुढे मगरींतही तेच आढळलं.

पोहताना दोघंही पाय अंगाशी चिकटवून शेपटीच्या जोरावर पुढे जातात. जमिनीवर कधी पोटावर सरपटतात, कधी पाय अंगाखाली घेऊन पोट उचलून चालतात. फरक पडतो तो पळताना. मगरींच्या काही जाती चक्क चौखूर उधळतात; अ‍ॅलिगेटर दुडक्या चालीपर्यंतच जातो.

थंडी मात्र अ‍ॅलिगेटरच जास्त सोसतो. नॉर्थ कॅरोलायनात दलदलीचं पाणी गोठतं तेव्हा तो नाकाचं टोक बर्फाबाहेर काढून निपचित पडून राहतो. आपली मगर कडक ऊन किंवा दुष्काळ आला की काठावर खणलेल्या बिळात शिरते.

कात्रजला मगर हलत नाही म्हणून कुणी खडा उचलला, तर त्याचा हात धरा. ती ऊन खात असते. तिच्या नाकपुडीकडे बोट दाखवा, आणि ती उघडेपर्यंत पोरांना थांबायला सांगा.