हिंगसेनचे पंधरा गुण

सप्टेंबर २०२५ मध्ये जर्मनीचा लिओ नॉयगेबाउर टोकियोत डेकॅथलॉनचा जगज्जेता झाला. गुण ८८०४. दहा क्रीडाप्रकार असल्यामुळे हे १०,००० पैकी गुण असावेत, असा अनेकांचा समज असतो. पण इथे ‘पैकी’ हा प्रकारच नाही. लांब उडी ८.०१ मीटर गेली तर त्या एकाच प्रकाराचे १०६३ गुण मिळतात. ते परीक्षक देत नाहीत, सूत्रातून येतात. सूत्र बदललं की काय होतं, ते युर्गन हिंगसेनच्या कारकिर्दीत फार स्वच्छ दिसतं.

१९५८ साली डुइसबुर्गला जन्मलेला हा दोन मीटर उंचीचा जर्मन खेळाडू. १९८२, ८३ आणि ८४ अशी सलग तीन वर्षं त्याने विश्वविक्रम केला. मोठ्या स्पर्धेत मात्र समोर ब्रिटनचा डेली थॉम्पसन असायचा. अथेन्स, हेलसिंकी, लॉस एंजेलिस, स्टुटगार्ट, चारही ठिकाणी सुवर्ण थॉम्पसनला आणि रौप्य हिंगसेनला.

जून १९८४ मध्ये मानहाइमला हिंगसेनने ८७९८ गुण केले. दोन महिन्यांनी ऑलिंपिकमध्ये थॉम्पसनचे झाले ८७९७. विश्वविक्रम एका गुणाने वाचला! पण १९८६ मध्ये फोटो-फिनिशचं चित्र पुन्हा तपासलं, तेव्हा थॉम्पसनची अडथळ्यांच्या शर्यतीतली वेळ १४.३४ नव्हे, १४.३३ सेकंद निघाली. शतांश सेकंदाने एक गुण वाढला आणि बरोबरी झाली. त्याआधीच, १९८५ मध्ये, नवा गुणतक्ता लागू झाला होता. त्याच कामगिरीचे त्यात थॉम्पसनला ८८४७ आणि हिंगसेनला ८८३२ गुण बसले. मैदानावर कुणी पाऊलही न टाकता विक्रम एकट्या थॉम्पसनचा झाला.

आता या नव्या तक्त्यामागचं सूत्र. १०० मीटरसाठी १८ मधून धावण्याची वेळ वजा करायची, बाकीचा १.८१ वा घात काढायचा, त्याला २५.४३४७ ने गुणायचं आणि अपूर्णांक सोडून द्यायचा. १२ सेकंदांना ६५१ गुण, ११ ला ८६१, १० ला १०९६. म्हणजे पहिल्या सेकंदाच्या सुधारणेला २१० गुण, दुसऱ्या सेकंदाला २३५. घातांक १ पेक्षा मोठा असल्यामुळे आलेख वर वळत जातो. गोळाफेकीत घातांक फक्त १.०५ आहे, म्हणून तिथे जवळजवळ सरळ रेषाच मिळते: १४ मीटरला ७२८, १५ ला ७९०, १६ ला ८५१.

१९६२ चा जुना तक्ता वेगावर बेतलेला होता. फेकीचं अंतर सुटतानाच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, म्हणून गुण अंतराच्या वर्गमुळावरून काढायचे. त्यामुळे प्रत्येक पुढच्या मीटरची किंमत आधीच्यापेक्षा कमी भरायची. भौतिकशास्त्र म्हणून ते अगदी चोख. पण घाम गाळणाऱ्याला शेवटचा मीटरच सगळ्यात महाग पडतो. नव्या तक्त्याने वळणाची दिशा उलटवली आणि मला ते जास्त न्याय्य वाटतं. तरी १.८१ हा काही निसर्गाचा स्थिरांक नव्हे, तो माणसांनी बसून ठरवलेला आकडा आहे. डेकॅथलॉनच्या विजेत्याला ‘जगातला सर्वश्रेष्ठ खेळाडू’ म्हणताना एवढं भान ठेवायला हवं.

नव्या तक्त्यात दोघांची ती दोन कामगिरीपत्रकं शेजारी ठेवली, तर दहापैकी पाच प्रकारांत हिंगसेन पुढे आहे: गोळा, उंच उडी, अडथळे, थाळी आणि १५०० मीटर. तिथे त्याची आघाडी २७२ गुणांची. उरलेल्या पाचांत थॉम्पसनची २८७. भालाच बघा. हिंगसेन ५९.८६ मीटर, थॉम्पसन ६५.२४, तिथे एकदम ८१ गुणांचा फरक पडतो. उलट १५०० मीटरमध्ये हिंगसेन १५ सेकंदांहून अधिक वेगवान आणि १०१ गुणांनी पुढे. सगळी बेरीज-वजाबाकी करून उरतात पंधरा गुण. हिंगसेन १५०० मीटर आणखी सव्वादोन सेकंद लवकर संपवता, तर तेही भरून निघाले असते.

१९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये पहिल्याच शर्यतीत, १०० मीटरला, तो तीनदा बंदुकीआधी सुटला आणि बाद झाला. अशा वेळी आपल्याकडे लगेच साडेसाती आठवते. शनीचा इथे काडीचा संबंध नाही. कानावर आवाज पडल्यापासून स्नायू हलेपर्यंत मज्जासंस्थेला ठरावीक वेळ लागतोच. तो वाचवायला धावपटू आवाजाचा अंदाज बांधून सुटू पाहतो, आणि अंदाज चुकतो.

सुवर्ण त्याला शेवटपर्यंत मिळालं नाही. त्याचा ८८३२ चा जर्मन विक्रम मात्र ३९ वर्षं टिकला. २०२३ मध्ये ऑस्टिनला नॉयगेबाउरने तो मोडला, ८८३६ गुणांनी. फरक चार गुणांचा.