केराटोकोनस आणि फुक्स डिस्ट्रॉफी: ताण एकच, बिघाड वेगळे

कॉर्नियाचे, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचे, हे दोन्ही आजार बहुधा दोन्ही डोळ्यांना होतात, दोन्हींत नजर धूसर होते आणि दोन्हींच्या वर्णनात ‘ऑक्सिडेटिव्ह ताण’, म्हणजे क्रियाशील ऑक्सिजन संरक्षणावर मात करून पेशींना इजा करतो ती स्थिती, हे शब्द येतात. त्यामुळे एकाची माहिती दुसऱ्याला लावली जाते. सूर्याचे अतिनील किरण आणि हवेतला ऑक्सिजन कॉर्नियावर थेट येत असल्याने हा ताण त्याला नवा नाही. संरक्षण कोणत्या थरात ढासळले, हे महत्त्वाचे.

केराटोकोनस सहसा किशोरवयात किंवा विशीत लक्षात येतो. यात कोलॅजनच्या जाड मधल्या थरात, म्हणजे स्ट्रोमात, सुपरऑक्साइड डिस्म्युटेजसारखी संरक्षक एन्झाइमे घटलेली आणि मेदाच्या ऑक्सिडीकरणातून उरलेली घातक द्रव्ये साचलेली आढळतात. कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येतो, चष्म्याचा सिलिंडर नंबर वाढत जातो. डोळे चोळल्याने हे बळावते, आणि ॲलर्जी असलेली मुले नेमके तेच करतात.

व्हिएन्नाच्या एर्न्स्ट फुक्स यांनी १९१० मध्ये वर्णन केलेली डिस्ट्रॉफी बहुधा चाळिशीनंतर जाणवते आणि स्त्रियांत अधिक दिसते. इथे हानी होते ती सर्वांत आतल्या, जेमतेम एका पेशीच्या जाडीच्या एंडोथेलियमची. कॉर्नियात झिरपणारे पाणी बाहेर टाकणाऱ्या या पेशी प्रौढ माणसात जवळजवळ विभागत नाहीत, त्यामुळे गेलेली पेशी भरून निघत नाही. संरक्षक जनुकांना चालना देणारे एनआरएफ-२ हे प्रथिन कमी पडते, मायटोकॉन्ड्रियातील डीएनएला इजा होते आणि पेशी मरत जातात. रात्री पापण्या मिटलेल्या असताना बाष्पीभवन थांबते, कॉर्निया सुजतो. म्हणून सकाळी धूसर दिसते आणि दिवस चढेल तसे निवळते. केराटोकोनसमध्ये असा सकाळ-दुपारचा फरक नसतो, आणि माझ्या मते रुग्णाला विचारायचा पहिला प्रश्न हाच.

उपचारांत तर चक्क विरोधाभास दिसतो. वाढता केराटोकोनस थोपवण्यासाठी क्रॉस-लिंकिंगमध्ये रायबोफ्लेविनचे (बी-२ जीवनसत्त्वाचे) थेंब घालून सुमारे ३७० नॅनोमीटरचे अतिनील किरण सोडतात, म्हणजे क्रियाशील ऑक्सिजन मुद्दाम निर्माण करून कोलॅजनच्या तंतूंमध्ये नवे बंध घडवतात. मूळ पद्धतीत त्यासाठी कॉर्निया किमान ४०० मायक्रॉन जाड लागतो, कारण हेच किरण खोलवर पोहोचले तर एंडोथेलियम जळेल. फुक्स डिस्ट्रॉफीत मुळात तोच थर विरळ झालेला असल्याने हा उपाय तिथे उचलून लावता येत नाही; सूज आवरेनाशी झाली की बहुधा डीएमईके शस्त्रक्रियेने आतला पातळ थर तेवढा बदलतात. केराटोकोनसमध्ये रोपणाची वेळ आलीच, तर शक्य तेथे पुढचे थर बदलून रुग्णाचे स्वतःचे एंडोथेलियम जपतात.