‘ॲ’ उमटायच्या आधी

बेळगावात पतसंस्थेला पतसंस्था म्हणणारा माणूस बाहेरगावचा समजावा. इथं ती ‘सोसायटी’. टिळकवाडी असो, शहापूर असो, वडगाव असो, दोन गल्ल्या ओलांडल्या की एक सोसायटी लागते, आणि अलीकडं यातल्या बऱ्याच जणांना ॲप हवं असतं. चेअरमन अण्णा विचारतात, “किती खर्च येईल?” आपण विचारतो, “वेब करायचं की नेटिव्ह?” तिथं बोलणं अडतं. अण्णांचं म्हणणं साधं आहे. फोनवर सोसायटीचं चिन्ह दिसावं, त्यावर बोट ठेवलं की पासबुक उघडावं. आत काय आहे ते तुम्ही बघा.

आत काय आहे हाच तर वाद आहे. नेटिव्ह म्हणजे अँड्रॉइड किंवा आयफोनच्या स्वतःच्या साधनांनी बांधलेलं, स्टोअरवरून उतरवून घ्यायचं ॲप. वेब म्हणजे एक पत्ता, ब्राउझरनं उघडायचा. या वादाचं पारडं गेल्या अठरा-वीस वर्षांत किमान चारदा फिरलं. आणि सीमाभागात त्याला एक जादा पदर होता, जो कॅलिफोर्नियात बसून वाद घालणाऱ्यांना कधी दिसला नसेल: पडद्यावर अक्षर कोण काढणार?

स्मार्टफोन हातात यायच्या आधीही ॲप होती, फक्त त्यांना कुणी ॲप म्हणत नव्हतं. ‘जार फाइल’ म्हणायचे. जावा या संगणकी भाषेची छोटी आवृत्ती जे२एमई, तिच्यात लिहिलेले गेम आणि शब्दकोश खडेबाजारातल्या मोबाईल दुकानातून ब्लूटूथनं नाहीतर डाटा केबलनं फोनात भरून मिळत. एकदा लिहा, कुठंही चालवा, असा जावाचा दावा होता. प्रत्यक्षात नोकियावर चालणारं सॅमसंगवर आडवं पडायचं, कारण प्रत्येक फोनचा पडदा वेगळा आणि बटणं वेगळी.

मराठीची तर वेगळीच कथा. ब्राउझरमध्ये मराठी बातमी उघडली की ओळीच्या ओळी रिकामे चौकोन. २००६ च्या जानेवारीत ऑपेरा मिनी जगभर मिळू लागला. तो पान थेट फोनवर आणत नसे. दूरच्या सर्व्हरवर पान आवळून, लहान करून मग पाठवायचा. त्यात एक छुपी सोय होती. पत्त्याच्या जागी ‘ऑपेरा:कॉन्फिग’ लिहायचं, खाली जाऊन गुंतागुंतीच्या लिप्यांसाठी बिटमॅप फाँट वापरायचा पर्याय चालू करायचा. मग सर्व्हर अक्षरांची चित्रं काढून धाडायचा, आणि चौकोनांच्या जागी मराठी दिसायची. कन्नडसुद्धा. कॉलेजच्या कट्ट्यावर ही युक्ती एकाकडून दुसऱ्याकडं अशी पसरली की जणू परीक्षेचा पेपरच फुटला. अक्षर फोन काढत नव्हता, ब्राउझरचा फोनातला भागही काढत नव्हता. ते नॉर्वेच्या एका कंपनीचं यंत्र काढत होतं. वेबच्या बाजूनं पहिला कौल आमच्याकडं असा पडला.

२००७ मध्ये आयफोन आला तेव्हा ॲपलनंही वेबचीच बाजू धरली होती, हे आज अनेकांना खरं वाटत नाही. ११ जून २००७ रोजी स्टीव्ह जॉब्सनी सान फ्रान्सिस्कोत डेव्हलपर मंडळींना सांगितलं की वेगळी साधनं मिळणार नाहीत, सफारी ब्राउझरमध्ये चालणारी वेब ॲप करा. समोरची मंडळी नाराज झाली. चारच महिन्यांत, १७ ऑक्टोबरला, ॲपलनं माघार घेऊन साधनसंच देण्याचं जाहीर केलं. तो मार्च २००८ मध्ये आला, आणि १० जुलैला ॲप स्टोअर उघडलं तेव्हा त्यात सुमारे ५०० ॲप होती. ऑक्टोबरात अँड्रॉइड मार्केट आलं. तेच पुढं गुगल प्ले झालं.

याच वर्षी आणखी एक बारीकशी गोष्ट घडली. एप्रिल २००८ मध्ये युनिकोडची, म्हणजे जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला संगणकात ठराविक क्रमांक देणाऱ्या यादीची, ५.१ ही आवृत्ती निघाली आणि तिच्यात ‘ॲ’ या अक्षराला स्वतःची जागा मिळाली. त्याआधी ‘अ’वर चंद्र जोडून वेळ मारून न्यावी लागे, आणि तो चंद्र कुठं जाऊन बसेल याचा नेम नसे. म्हणजे ‘ॲप’ हा शब्द मराठीत सरळ लिहिता येऊ लागला तो स्टोअर उघडायच्या जेमतेम तीन महिने आधी. अर्थात युनिकोडमध्ये जागा मिळाली म्हणजे फोनवर अक्षर उमटलं असं नाही. फाँट येईपर्यंत आमच्याकडं ते अक्षरही चौकोनच होतं.

पुढची तीन-चार वर्षं नेटिव्हची. मधला मार्ग काढणारेही होते. २००८ मध्येच फोनगॅप निघालं: आत वेबचं पान, बाहेरून ॲपचं कवच. २०११ मध्ये ते अडोबीनं घेतलं आणि त्याचा गाभा कॉर्डोव्हा या नावानं अपाची संस्थेकडं गेला. पण २०१२ च्या सप्टेंबरात फेसबुकच्या मार्क झुकेरबर्ग यांनी एचटीएमएल५ वर, म्हणजे वेबची पानं लिहायच्या भाषेवर, फाजील भरवसा ठेवला ही कंपनीची मोठी चूक होती अशी जाहीर कबुली दिली, आणि वेबवाल्यांची तोंडं बरेच दिवस बंद झाली.

आमची तोंडं मात्र वेगळ्या कारणानं बंद होती. स्वस्त अँड्रॉइड फोन आले, पण त्यातल्या जुन्या आवृत्त्यांना भारतीय लिप्या जुळवताच येत नव्हत्या. ॲपमध्ये आपला फाँट घातला तर अक्षरं दिसत, पण ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडं यायच्याऐवजी उजवीकडं लटकायची, जोडाक्षरं फुटायची. अक्षरं घरून आणली तरी ती जोडणारा कारागीर फोनचाच लागत होता, आणि तो अडाणी होता. मग लोकांनी डीटीपीच्या जमान्यातले जुने फाँट बाहेर काढले, ज्यांत अर्धी-पाव अक्षरं सुटी असतात. काहींनी सगळा मजकूर चित्र करून चिकटवला. दिसायला झकास, शोधायला मात्र शून्य. खानापूरच्या दऱ्याखोऱ्यांत राहणाऱ्यांना ‘दऱ्या’ धड लिहिता येत नव्हतं, कारण तो आडवा र कुणाच्या हिशेबातच नव्हता.

शिवाय सीमाभागातल्या फोनला एका लिपीवर भागत नाही. बातमी मराठीत वाचायची, पण शेताचा उतारा कन्नडमध्ये येतो. कर्नाटकानं ‘भूमी’ योजनेत जमिनीच्या नोंदी संगणकावर घेतल्या त्या कन्नडमध्ये. मुलाच्या शाळेचा निरोप कधी मराठीत, कधी कन्नडमध्ये, बँकेचा इंग्रजीत. अँड्रॉइड ४.१ मध्ये, २०१२ साली, कन्नड लिपीची सोय आली. मग १ नोव्हेंबर २०१४ ला बेळगावचं सरकारी नाव बेळगावी झालं, इथं त्यावरून काय झालं ते सांगायला नको. त्याच नोव्हेंबरात अँड्रॉइड ५.० फोनांवर पोचू लागलं, आणि त्याच्या नव्या भाषांच्या यादीत मराठी आणि कन्नड दोघी एकदमच आल्या होत्या. यादी करणाऱ्याला १९५६ ची राज्य पुनर्रचना किंवा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला सीमाप्रश्नाचा दावा ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.

एक अडचण रोमिंगची होती. मोबाईल कंपन्यांच्या वाटणीत बेळगाव कर्नाटक सर्कलमध्ये, आणि शिनोळीच्या पुढं गेलं की महाराष्ट्र-गोवा सर्कल. चंदगडला पाव्हण्यांकडं निघालेला माणूस वाटेत डाटा बंद करायचा, कारण बॅलन्स कधी उडेल सांगता येत नसे. वेबचं पान तिथंच मेलं. आधीच फोनात उतरवलेलं ॲप निदान उघडायचं तरी.

वारं उलटं फिरलं ते २०१५ मध्ये. ऑनलाइन कपडे विकणाऱ्या बेंगळुरूच्या मिंत्रानं मे महिन्यात वेबसाइट बंद करून फक्त ॲप ठेवलं, आणि १ जून २०१६ ला वेबसाइट पुन्हा उघडली. दरम्यान, नोव्हेंबर २०१५ मध्ये, फ्लिपकार्टनं ‘लाइट’ आणलं होतं: ब्राउझरमधलं पान, पण पडद्यावर चिन्ह ठेवता येणारं आणि नेट गेलं तरी पांढरं न पडणारं. त्याच वर्षी अशा पानांना प्रोग्रेसिव्ह वेब ॲप हे नाव मिळालं होतं. फोनात जागा नाही म्हणून लग्नाचे फोटो आणि ॲप यांत निवड करावी लागणाऱ्यांना त्याचं मोल पटकन कळलं.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि डाटाची चिंता जवळजवळ संपली. पण खरी गंमत पुढच्या वर्षीची. १,५०० रुपये अनामत ठेवून मिळणारा बटणांचा जिओफोन कायओएसवर चालायचा. ही प्रणाली मोझिलाच्या बंद पडलेल्या फायरफॉक्स ओएसमधून निघालेली, आणि तिच्यातली ॲप वेबच्याच साधनांनी, एचटीएमएल आणि जावास्क्रिप्टनं, लिहिली जात. जॉब्सनी २००७ मध्ये जे सांगितलं आणि चार महिन्यांत मागं घेतलं, ते दहा वर्षांनी जांबोटीच्या बाजारात म्हातारीच्या कमरेच्या पिशवीत चालू होतं.

२०२० च्या उन्हाळ्यात, करोनाच्या दिवसांत, सीमाभागानं दोन्ही प्रकार एकाच वेळी अनुभवले. कर्नाटकात परतायचं तर ‘सेवा सिंधू’ पोर्टलवर नोंद करायची. ते वेबवर; पत्ता एकमेकांना पाठवायचा, कुणाच्याही फोनवरून अर्ज भरायचा. कोगनोळीच्या नाक्यावर माणसं फोनचा पडदा पोलिसाच्या तोंडासमोर धरून उभी. एकदा घरात विलगीकरणात बसलं की मग ‘क्वारंटाइन वॉच’ हे ॲप उतरवून घ्यायचं, आणि सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत दर तासाला सेल्फी पाठवायची. फोटोबरोबर जागाही कळायची. कॅमेरा, जीपीएस आणि पाळत, म्हणून नेटिव्ह. माणसांना आत घ्यायला वेब, आत बसवून ठेवायला ॲप. वेब आणि नेटिव्ह यांतला फरक मला कुठल्याही वर्गात इतका लख्ख कळला नव्हता.

आता अण्णांची सोसायटी. आज फारसं कुणी अँड्रॉइडचं वेगळं आणि आयफोनचं वेगळं लिहीत बसत नाही. २०१५ चं रिॲक्ट नेटिव्ह किंवा डिसेंबर २०१८ मध्ये पक्कं झालेलं फ्लटर घेऊन एकाच लिखाणात दोन्हीकडं भागवतात. आयफोननंही मार्च २०२३ मध्ये, १६.४ आवृत्तीत, पडद्यावर ठेवलेल्या वेब ॲपला सूचना पाठवायची मुभा दिली. पैशाचा हिशेब असा: गुगलला एकदाच २५ डॉलर, ॲपलला दरवर्षी ९९. वर गुगलचा नवा नियम, स्वतःच्या नावानं नवं खातं काढणाऱ्यानं आधी सलग १४ दिवस परीक्षक ठेवायचे. आधी २० मागायचे, आता १२. माझे बारा गल्लीतल्या गणपती मंडळातून आले. वर्गणीपेक्षा हे सोपं, असं त्यांचं मत पडलं.

फ्लटर अक्षरं जोडायचा कारागीर स्वतःच घेऊन येतं, फोनच्या भरवशावर राहत नाही, म्हणून मी ते निवडलं. अण्णांना दाखवायला म्हणून तेच लिखाण वेबवरही चढवलं. त्यांच्या फोनवर पत्ता उघडला. वरची इंग्रजी अक्षरं आली, आणि खाली सोसायटीच्या मराठी नावाच्या जागी चौकोन. पाच-सहा, रांगेत. फाँट नेटवरून यायचा होता. क्षणभरानं आला आणि नाव उमटलं. पण अण्णांनी ते आधीच बघितलं होतं.

“हे चौकोन कसले बे?”

त्या रात्री मी फाँट ॲपच्या आतच बांधून टाकला.