चिकनमध्ये गहू कुठून येणार?

सिलिॲकच्या, म्हणजे गहू, बार्ली, राय यांतलं ग्लूटेन हे प्रथिन न चालणाऱ्या रुग्णाला हमखास सांगतात, "चपाती सोड, चिकन बिनधास्त खा." कच्च्या चिकनपुरतं हे खरं. सांगलीच्या विश्रामबागेतल्या किंवा साताऱ्याच्या पोवई नाक्यावरच्या दुकानातून तयार चिकन घेताना मात्र नाही.

नगेट्स, पॉपकॉर्न यांच्यावर ब्रेडचा चुरा असतो. ते सरळ बाजूला ठेवा. फसवतात ते साधे दिसणारे प्रकार. सोया सॉस बहुधा गहू घालूनच आंबवतात. डबीतल्या बांधणीच्या (पीठ मिसळलेल्या) हिंगात बहुधा मैदा असतो, त्यामुळे मॅरिनेशनच्या मसाल्यात तो नकळत येतो. तंदुरी चिकनचं दही-मसाल्याचं लेपण चालेल, पण त्याच भट्टीत नान लागत असेल तर पीठ उडतंच. तळलेल्याचंही तसंच: कढई एकच, तेल एकच. वरचं आवरण काढून आतलं खाल्लं तरी उपयोग नाही.

पाकीट उलटं करा. घटकांच्या यादीखाली ॲलर्जीची ओळ असते. तिथे गहू, बार्ली, राय शोधा. 'ग्लूटेन-फ्री' लिहायला किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आत ग्लूटेन लागतं. 'मैदा नाही' म्हणजे ते नव्हे; रवाही गव्हाचाच. सुट्ट्या चिकनला लेबलच नसतं, तेव्हा काउंटरवर मसाला, हिंग आणि तेल यांबद्दल विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर कच्चं घेऊन घरीच शिजवा. सोबतच्या ज्वारीच्या भाकरीचं पीठही गव्हानंतर त्याच गिरणीत दळलेलं नको.